गव्हाणेमामांचे घाटाचे अंदाज

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोरची एक फरशी ढिली झाली आहे. त्याला कारण गव्हाणेमामांचा उजवा पाय. परदेशातल्या त्या मोठ्या सायकल शर्यतीत सायकलवाले घाट उतरायला लागले की मामा खुर्चीत बसल्याबसल्या ब्रेक दाबतात. साधा नाही, एसटीचा. अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला पाय आहे तो. वळण अवघड असलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे गोल फिरतात आणि आमच्या हिच्या हातातला चहाचा ट्रे आपोआप दोन पावलं मागे सरकतो.

मामा जाफराबादला आमच्या शेजारी राहतात. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. जुलै महिना लागला आणि ती शर्यत डोंगरात शिरली की दुपारी चारला मामा दारात हजर.

"सर, आज तीन घाट हायेत. लावा जल्दी."

मामांना सायकल येत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. त्यांनी ते कधी लपवलेलंही नाही. "लहानपणी शिकायला गेल्तो, पडलो. मंग डायरेक्ट बस शिकलो," असं ते सांगतात. पण ज्याला सायकल येते त्याला शर्यत कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. पायडल मारणाऱ्याला फक्त आपले पाय दिसतात. रस्ता दिसतो तो बसवाल्याला.

शर्यत सुरू होण्याआधी टीव्हीवर त्या दिवसाच्या चढउतारांचा आलेख दाखवतात. आमची ही त्याला 'कार्डिओग्राम' म्हणते. मामा मात्र चष्मा पुसून टीव्हीला नाक लावतात आणि बोट फिरवत बोलायला लागतात.

"हितं तिसरा गिअर. हितं दुसरा. हे पाहा, हितं पहिला, अन् प्याशिंजर उतरवायचे. बराबर हितंच भोकरदन फुटणार. लिहून ठेवा."

भोकरदन म्हणजे गाव नव्हे. परदेशी सायकलवाल्यांची नावं मामांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्याकडच्या गावांची नावं दिली आहेत. उंच, काटकुळा, पिवळ्या सदऱ्यातला तो भोकरदन. बुटका आणि तापट तो अंबड. घाम पुसत सगळ्यांत मागून येणारा तो जाफराबाद. मी एकदा हरकत घेतली, तर मामा म्हणाले, "आपलाच हाय सर. पण मागं असणाऱ्याला पुढं कसं म्हणू?"

या बैठकीला तिसरा माणूस म्हणजे युसुफभाई टेलर. दुकान पोराच्या भरवशावर सोडून ते येतात आणि मामा जे म्हणतील त्याच्या बरोबर उलटं बोलतात. शर्यतीतलं त्यांना काही कळत नाही. पण मामांचा अंदाज उलटा केला की बहुतेक वेळा खरा निघतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलेलं आहे.

"शेवटच्या घाटाच्या पाचव्या किलोमीटरला भोकरदन फुटणार, दम तुटून मागं पडणार," मामांनी एकदा जाहीर केलं.

"नै फूटता," युसुफभाई सदऱ्याची बटणं लावत म्हणाले.

पाचव्या किलोमीटरला भोकरदन खरोखर उठला, सगळ्यांना मागं टाकून सुसाट निघाला आणि एकट्यानं शर्यत जिंकला. मामांनी हळूच चहाचा घोट घेतला.

"मी काय म्हणलो होतो? फुटणार. फुटलाच की. म्होरं फुटला."

टीव्हीवरचे जाणकार इंग्रजीत बोलतात आणि मामांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्या दोघांचे मतभेद आजवर उघड झालेले नाहीत. पण पाहत राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की धंदा एकच आहे. आधी काय होणार ते छातीठोक सांगायचं आणि नंतर ते का झालं नाही हे त्याहून छातीठोक सांगायचं. मामांची कारणं निदान रंगतदार असतात. रस्ता वला होता. जोडीदारानं पाणी टायमावर दिलं न्हाई. एकदा तर, "त्याच्या घरी काहीतरी झालंय, सर. चेहरा पाहा."

एका वर्षी मात्र मामांनी सांगितलेला माणूस, सांगितलेल्या घाटात, सांगितलेल्या वळणावर पुढं निघाला आणि जिंकला. मामा उभे राहिले, त्यांनी टीव्हीला हात जोडले आणि चहा न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या कंट्रोलरपासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांना ही बातमी कळलेली होती. नगरपंचायतीला उभे राहणारे दोघेजण गुपचूप येऊन आपलं काय होईल ते विचारून गेले. "त्यात चढ किती हाय ते आधी सांगा," मामांनी त्यांना विचारलं.

या कीर्तीचा परिणाम म्हणून गेल्या हिवाळ्यात मामांना बोलावणं आलं. धावडा गावाच्या बाजूला एका तरुण मंडळानं सायकल शर्यत ठेवली होती. पायथ्यापासून डोंगरावरच्या देवीच्या देवळापर्यंत सात किलोमीटर सलग चढ. माईकवर बोलायला जाणकार हवा होता.

मामांनी तयारी अशी केली की परदेशातले जाणकार लाजावेत. तीन वेळा काळीपिवळी जीपनं गेले आणि तिन्ही वेळा तो घाट पायी चढले-उतरले. वळणं अकरा. कुठं खडी निघालीय, कुठं ओढ्याची वाळू रस्त्यावर आलीय, कुठं वारा समोरून लागतो, सगळं पाठ. मला ते जेवताना ऐकवायचे. आमच्या हिलाही शेवटी सातवं वळण स्वप्नात दिसायला लागलं.

शर्यतीच्या सकाळी आम्ही तिघं पोचलो तर पायथ्याला मोठा फ्लेक्स लागलेला. त्यावर नऊ जणांचे फोटो होते आणि नवांपैकी एकाचाही सायकलशी संबंध नव्हता. सायकल खाली कोपऱ्यात होती, तीही अर्धी. मागचं चाक शुभेच्छुकांच्या नावांखाली गेलं होतं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर स्पर्धक उन्हात उभे राहून दमले. पाहुण्यांनी 'सायकल ही काळाची गरज आहे' असं सांगून झेंडा दाखवला आणि ते गाडीत बसून एसी लावून वर निघाले.

शर्यत संपते त्या जागी, देवळापाशी, मामा माईक धरून बसले होते. त्यांचे अंदाज भोंग्यातून खाली पायथ्यापर्यंत ऐकू जात होते.

"जालन्याचे इंजिनियरसाहेब भारी सायकल घेऊन आलेत. पण सहाव्या वळणाला त्यांचा दम निघणार. लिहून ठेवा. तिथून धावड्याचा दूधवाला पुढं निघणार. साधी सायकल, पण रोज दोन कॅन लादून चढवतो. आज कॅन न्हाईत. उडणार तो!"

टाळ्या पडल्या. दूधवाला सगळ्यांच्याच मनातला होता. मामांना आणखी चेव आला.

"अन् एकतीस नंबर. एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या पुढं. त्या तिसऱ्या वळणाला जीपमधी बसतील. त्येच्यावर मी बोलत न्हाई."

लोक हसले. मामाही हसले.

इंजिनियरसाहेबांचा दम सहाव्याच काय, कोणत्याच वळणाला निघाला नाही. घामसुद्धा न येता ते पहिले आले. दूधवाला खरोखर त्यांच्या पाठोपाठ होता, पण पाचव्या वळणाला त्याला घरून फोन आला की म्हैस व्यायला लागलीय. तो तिथूनच सायकल वळवून घरी गेला.

"म्हशीचा अंदाज मी धरला नव्हता," मामा माईकवर म्हणाले. युसुफभाई हसून देवळाच्या कट्ट्यावर लोळले.

अर्ध्या तासात सगळे वर आले. पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचं होतं, म्हणून बक्षिसं उरकली. मांडववाल्यांनी कनात सोडायला घेतली. तेवढ्यात मोटरसायकलवर फिरणारा एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "एकतीस नंबर अजून खाली हाय. आठव्या वळणाला. जीपमधी बस म्हणलं तर न्हाई म्हणते."

"आठव्या?" मामांनी विचारलं. "तिसऱ्या न्हाई?"

"आठव्या."

मामांनी माईक खाली ठेवला. बोलत असताना कुणी काढून न घेता त्यांनी माईक ठेवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्यानं खाली चालायला लागले. मी मागोमाग गेलो.

नवव्या वळणाच्या अलीकडं त्या भेटल्या. हिरव्या नऊवारीवर कॅनव्हासचे बूट, पाठीला नंबर, सायकल हातात धरून चालत होत्या. कमलबाई त्यांचं नाव. अंगणवाडीत मदतनीस होत्या. श्वास आवरला तशी त्यांनी मामांकडं निरखून पाहिलं.

"भोंग्यात तुम्हीच बोलून राह्यले होते ना? तिसऱ्या वळणाला बसतील म्हणून?"

"हां. मीच." मामा रस्त्याकडं पाहत म्हणाले. "चुकलं माझं, बाई."

एवढ्या वर्षांत मामांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. रस्ता वला नव्हता, कुणाचं पाणी चुकलं नव्हतं, नुसतं चुकलं.

"मंग आता काय म्हणता? पोचते का न्हाई?"

"मला न्हाई माहीत. पाणी घ्या."

त्या पाणी प्यायल्या आणि चालू लागल्या. मामा त्यांच्या शेजारून चालत राहिले. शेवटचं वळण गेल्यावर कमलबाई सायकलवर बसल्या आणि डुगडुगत देवळापाशी पोचल्या. मांडववाले सोडले तर तिथं युसुफभाईच होते; त्यांनी एकट्यानं एवढ्या टाळ्या वाजवल्या की मांडववाल्यांनीही कनात खाली ठेवून वाजवल्या.

मग आम्ही कट्ट्यावर बसलो. कमलबाईंनी फडक्यात बांधलेली भाकरी सोडली, सगळ्यांना तुकडा दिला. युसुफभाईंनी विचारलं, "बाई, इतनी तकलीफ कायकू?"

"मालक दोन वर्षांपासून अंथरुणाला हायेत," त्या म्हणाल्या. "काल म्हणले, जाऊन ये, अन् वरून कसं दिसतंय ते मला सांग. जीपमधून पाहिलेलं काय सांगू त्यांना?"

मामांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. ते बोलू लागले.

"आमची ही दवाखान्यात होती. छत्रपती संभाजीनगरला. मी रोज सांगायचो तिला, सोमवारी सोडणार तुला घरी. सोमवार गेला की म्हणायचो, पुढच्या सोमवारी. डॉक्टरांनी मला बोलावून सगळं सांगितलं होतं, तरी मला वाटायचं, बराबर होईल. ती दर वेळी हो म्हणायची. तिला कळलं होतं, बाई. ती माझ्यासाठी हो म्हणत होती, हे मला ती गेल्यावर समजलं."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. कमलबाईंनी त्यांच्या हातावर आणखी अर्धी भाकरी ठेवली.

"बरं केलं तुम्ही, सांगत होते ते," त्या म्हणाल्या. "सांगायला कोणी बसलंय, एवढ्यावर दिवस निघतो माणसाचा. खा."

मामांनी खाल्लं. मग कमलबाई उठल्या, पदर खोचला, सायकल वळवली. जीपनं चला म्हणून आम्ही आग्रह केला, पण मालक वाट पाहत असतील, त्यांना सायकलवरच आलेली दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. रस्त्याकडं पाहून त्या क्षणभर थांबल्या.

"चढताना भ्या न्हाई वाटलं. उताराचं वाटतंय."

मामा त्यांच्या जवळ गेले. हलक्या आवाजात, वरून खाली एकेक वळण बोटावर मोजत सांगू लागले. पहिल्याला खडी आहे, उजव्या बाजूनं जा. तिसऱ्याला ओढ्याची वाळू, तिथं उतरूनच चाला, लाज धरू नका. सातव्याला वारा एकदम आडवा येतो. पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. कमलबाई प्रत्येक वळणाला "हां" म्हणत होत्या, आणि मामा 'हां' ऐकल्याशिवाय पुढच्या वळणावर जात नव्हते.

त्या गेल्या. देवळाच्या मागच्या कठड्यावरून खालचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसतो. मामा तिथं जाऊन उभे राहिले. मोटरसायकलवाला चला म्हणाला, युसुफभाईंनी दोनदा हाक मारली, जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मामा हलले नाहीत. दर तुकड्यात लुगड्याचा हिरवा ठिपका दिसेपर्यंत त्यांचा श्वास अडकायचा आणि दिसला की सुटायचा.

शेवटी पार खाली, सपाट रस्त्यावर, तो ठिपका सरळ जाताना दिसला. तिथून त्यानं थांबून वर हात केला की काय, एवढ्या लांबून सांगता येत नाही. मामांनी मात्र हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.