कणा दुरुस्त करून मिळेल

"दाजी, एक पैसा लागणार नाही. सगळं फुकट!" असं म्हणत मेव्हणा दुकानात शिरला, तेव्हा बाइंडरकाका एका जाडजूड ग्रंथाच्या पाठीला खळ लावत होते. खळ लावताना ते कुणाशीही बोलत नसत. हात थांबला की खळ सुकते आणि मग पुठ्ठा नीट बसत नाही. मेव्हण्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो नेहमी खळ लावतानाच यायचा.

चाळीस वर्षं काका पुस्तकं बांधत होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. पण अलीकडे पुस्तक फाटलं तर लोक ते बांधून घेण्याऐवजी रद्दीत टाकत, आणि पुष्कळांकडे तर फाटायलाही पुस्तक उरलं नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला काकूंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत वाट बघा. नाहीतर सरळ माझ्या भावाच्या दुकानात बसा." भावाचं दुकान मोबाइलच्या कव्हरांचं होतं. "शेवटी कव्हरच ना, दाजी? तुम्ही पुस्तकाला घालता, आपण फोनला घालू," असं मेव्हणा मोठ्या मनानं म्हणाला होता. त्या रात्री काका जेवले नव्हते.

पण मेव्हणा मनाचा वाईट नव्हता. दाजींना आपल्या दुकानात बसवण्याआधी त्यांचं दुकान चालवून बघावं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यानं काकांसाठी वेबसाइट बनवून टाकली. इंटरनेटवर फुकट काय काय मिळतं याचा त्याचा अभ्यास दांडगा होता. बोधचिन्ह फुकट, छायाचित्रं फुकट, मजकूर चुरचुरीत करून देणारं यंत्र फुकट, गिऱ्हाइकाला वेळ ठरवून देणारी वही फुकट आणि त्या वेळेची आठवण करून देणारा निरोपसुद्धा फुकट. वेबसाइटचे तयार साचे मात्र बरेचसे विकतचे होते. फुकटातले तीनच निघाले, केशकर्तनालय, मंगल कार्यालय आणि दवाखाना. त्यातला दवाखाना त्याला सगळ्यात सुटसुटीत वाटला.

काकांनी मजकूर सांगितला होता तो असा: "जुनी, खिळखिळी, कणा मोडलेली, शिवण उसवलेली पुस्तकं पूर्ववत करून मिळतील." चुरचुरीत करणाऱ्या यंत्राला हे फार लांबलचक वाटलं. त्यानं काटछाट केली आणि त्या काटछाटीत नेमका 'पुस्तकं' हा शब्द गेला. उरलं ते असं: 'कणा मोडलाय? सगळं खिळखिळं झालंय? निराश होऊ नका! चाळीस वर्षांचा अनुभव. शिवण दिसणारही नाही.' बाजूला पांढरा एप्रन घातलेल्या काकांचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत हिरवं बटण, 'वेळ ठरवा'.

मेव्हण्यानं फोन काकांच्या नाकासमोर धरला. काकांचा चष्मा कपाळावर होता आणि दोन्ही हात खळीत. "छान आहे," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला एक बाई दारात हजर झाल्या. "नऊची वेळ घेतली होती," त्या म्हणाल्या. काकांना कोण आनंद झाला. गिऱ्हाईक आधी वेळ घेऊन येतं, हे त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"या, या. काय तक्रार आहे?"

"कंबरेत अगदी मोडल्यासारखं झालंय."

"मधूनच ना? तिथंच मोडतं नेहमी. जुनं आहे का?"

"वीस वर्षांचं जुनं. पण गेल्या महिन्यापासून फारच वाढलंय. वाकलं की सरळ होत नाही."

"होणारच नाही. आतली शिवण गेली असेल. काही हरकत नाही, उसवून परत शिवू."

बाई खुर्चीभर मागे सरकल्या. "शिवावंच लागेल?"

"नुसतं चिकटवून चार दिवस टिकेल हो. ठेवून जा माझ्याकडे. आज उसवतो, उद्या शिवतो, मग दोन दिवस दाबाखाली ठेवतो. वर चांगलं मणभर वजन."

"मणभर!" बाईंचा आवाज चिरकला. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "म्हणजे चार दिवस इथंच राहणार?"

"निदान चार. घाई केली तर वाकडं होतं."

"नाही नाही, घाई काही नाही," बाई चटकन म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आठ दिवस ठेवलंत तरी आमची काही तक्रार नाही. थांबा, घेऊन येते. गाडीतच बसल्या आहेत."

'बसल्या आहेत' म्हणजे काय, हे काकांच्या डोक्यात शिरेपर्यंत बाई एका कंबरेत वाकलेल्या म्हातारीला हाताला धरून घेऊन आल्या. "या आमच्या सासूबाई," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान तिरकी करून वर पाहिलं. भिंतीवरची सुरी पाहिली, दाभण पाहिलं, दोऱ्याची रिळं पाहिली आणि शेवटी कोपऱ्यातलं लोखंडी दाबयंत्र पाहिलं.

"मला यात घालणार?" त्यांनी विचारलं.

काकांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि हात जोडून सगळा उलगडा केला. सासूबाई मनापासून हसल्या. सूनबाई मात्र हिरमुसल्या.

हा घोळ मिटतोय तोवर साडेनऊवाले आले. ते निवृत्त मास्तर होते. त्यांच्या मागे दहावाले, मग साडेदहावाले. वेळ देणारी वही अतिशय शिस्तीची होती. दर अर्ध्या तासाला एक माणूस ती इमानेइतबारे पाठवत होती. आठवणीचा निरोपही सगळ्यांना वेळेवर पोचला होता. पण तो निरोप दवाखान्याच्या साच्यातलाच होता, आणि त्यात शेवटी लिहिलं होतं, 'कृपया उपाशीपोटी यावे.'

त्यामुळे अकरा वाजेपर्यंत दुकानात सूनबाई सोडून पाच माणसं जमली होती. पाचही जणांची पाठ दुखत होती आणि पाचही जण भुकेनं चिडलेले होते.

"इथं डॉक्टर नाही, हे सांगायला उपाशी बोलावलंत?" मास्तर कडाडले.

काकूंनी आतून सगळं ऐकलं. त्या बाहेर आल्या, नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. डब्यातली बिस्किटं संपली. सासूबाईंना कळ आली, तेव्हा काकूंनी आपली गरम पाण्याची पिशवी आणून त्यांच्या पाठीला लावली. ती बघून मास्तरांनाही कळ आली. मग पिशवी हातोहात फिरू लागली.

काकांनी मेव्हण्याला फोन लावला. "आधी ते बंद कर!"

"दाजी, बंद करायची सोय फुकटात नाही," मेव्हणा शांतपणे म्हणाला. "फुकटात महिन्याला तीन बदल करता येतात. एकेका बदलात एकेक ओळ. नेमकं काय लिहू तेवढं सांगा."

काकांसमोर पाच कण्हणारी माणसं बसली होती. त्यांना दुसरं काय सुचणार? "लिही, इथं माणसांवर उपचार होत नाहीत!"

मेव्हण्यानं तेवढंच लिहिलं. शब्दाला पक्का माणूस.

मंगळवारी सकाळी एक गृहस्थ आखूड पायांचा, लांबलचक पाठीचा कुत्रा घेऊन आले. त्यांच्यामागे एक मुलगी मांजर टोपलीत घालून आली. "माणसांवर करत नाही म्हटलंत, तेव्हाच ओळखलं," गृहस्थ म्हणाले. "याची पाठ हो. जिना उतरताना केकाटतो." कुत्र्यानं खळीचं भांडं हुंगलं आणि कुणी काही म्हणायच्या आत अर्धं चाटून साफ केलं. खळ कणकेची होती. ती त्याला मानवली असावी, कारण नंतर तो काकांच्या पायाशी झोपला आणि उठेना. मांजर मात्र टोपलीतून निसटून दाबयंत्रावर चढली. तिला उतरवायला काकांचा पाऊण तास गेला, मनगटावर तीन ओरखडे आले ते वेगळेच.

"दुसरा बदल!" काका फोनवर ओरडले. "लिही, जनावरं आणू नयेत!"

"लिहिलं," मेव्हणा म्हणाला.

बुधवारी कुणीच आलं नाही. काकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि सुईत दोरा ओवला, तोच फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी दबक्या आवाजात बोलत होता.

"वेबसाइट वाचली. माणसांचं बघत नाही, जनावरांचं बघत नाही."

"बरोबर."

"मी समजलो. आमच्या माळ्यावर पण तसंच काहीतरी आहे. अमावास्येला येऊ का त्याआधी?"

काकांनी फोन ठेवला. मग शांतपणे मेव्हण्याला तिसरा आणि शेवटचा बदल सांगितला. या वेळी त्यांनी अक्षरन् अक्षर सांगितलं आणि परत म्हणवून घेतलं. 'येथे फक्त पुस्तके बांधून मिळतात.' मेव्हण्याला ते चुरचुरीत वाटलं नाही, पण त्यानं लिहिलं.

एव्हाना दुसरीच एक गंमत घडायला लागली होती. सोमवारी मास्तर गरम पिशवीची पाळी येईपर्यंत तासभर बसले होते, आणि त्या तासात त्यांनी काकांचे हात पाहिले होते. सुट्या झालेल्या पानांच्या गड्ड्या दोऱ्यानं एकमेकींत गुंतत कशा जातात, पाठीला गोलाई कशी येते, हे सगळं. गुरुवारी ते पुन्हा आले, ते दोन तुकडे झालेला आपला शब्दकोश काखेत मारूनच. येताना शेजाऱ्याच्या तीन वह्या आणि वाचनालयाचे पाच खंडही घेऊन आले. कुत्रेवाल्या गृहस्थांनी आजोबांची रोजनिशी आणली. सासूबाईंनी सुनेच्या हाती पोथ्यांचा गठ्ठा पाठवला, आणि गठ्ठ्याबरोबर स्वतःही आल्या, कारण काकूंच्या पिशवीनं त्यांना गुण आला होता. काकूंनी आणखी तीन पिशव्या आणल्या. दुकानातला बाक सकाळपासून भरलेला राहू लागला. माणसं पाठ शेकत, गप्पा मारत आणि रिकामा हात नको म्हणून काकांना कागदाच्या घड्या घालून देत.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. तो काकूंनी घेतला. "ताई, एक तारखेपासून दाजी येताहेत ना दुकानात?"

"ते कुठले येतात आता," काकू म्हणाल्या. "इथं मान वर करायला सवड नाही त्यांना. तू दुसरा माणूस बघ."

काकांनी हे ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई दोन टाके चुकली.

शुक्रवारी दुपारी आरोग्य खात्याचे साहेब आले. छातीवर खात्याचा बिल्ला, बगलेत जुनाट रजिस्टर. विनापरवाना दवाखान्याची कुणीतरी तक्रार केली होती. तक्रार खरी ठरली तर दाराला सील लागणार, हे त्यांनी उंबऱ्यावर उभं राहूनच सांगितलं. मग त्यांची नजर बाकावर गेली. तिथं चार वयस्कर माणसं पाठीला पिशव्या लावून बसली होती.

"हे पेशंट?"

"गिऱ्हाइकं आहेत," काका म्हणाले.

"काय हो आजोबा, इथं येऊन पाठीला बरं वाटतं?"

"खूपच!" मास्तर उत्साहानं म्हणाले. काकांनी डोळे मिटले.

"ही सुई कसली? एवढी मोठी?"

"दाभण आहे साहेब. भोकं पाडायला."

"भूल कोण देतं?"

"भूल कशाला? पुस्तक ओरडत नाही."

"आणि हे लाल कसलं सांडलंय?"

"शाई. कडा रंगवायची."

साहेबांचा विश्वास बसेना. जबाब लिहायला त्यांनी रजिस्टर उघडलं, आणि ते मधोमध फाटून अर्धं त्यांच्या हातात राहिलं, अर्धं जमिनीवर पडलं. पानं चहूकडे पसरली. साहेब वाकायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. काकांनी पानं गोळा केली. दाराला सील लागणार, हे ते विसरलेच. मोडलेल्या वहीकडे बघून त्यांना राहवेना.

"कुणी बांधलं होतं हे? नुसत्या तारेच्या पिना मारल्यात," ते पुटपुटले. "बसा जरा."

साहेब बसले. काकांनी पिना उपसल्या, पानं जुळवली, भोकं पाडली, दोरा ओवला. अर्धा तास गेला. पाठीला कापड चढलं, खळ बसली, पुठ्ठा लागला. "रात्रभर दाबाखाली राहिलं असतं तर बरं झालं असतं," काका म्हणाले, "पण तुम्हाला घाई असेल. हलक्या हातानं उघडा."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. ते सपाट उघडलं आणि उघडंच राहिलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत साहेबांना लिहिताना डाव्या हातानं पान दाबून धरावं लागलं नाही, असं प्रथमच घडत होतं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली. येथे कोणत्याही प्रकारचा वैद्यकीय व्यवसाय चालत नाही.' सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.

मग ते टेबलाला धरून हळूहळू उठले, दारापर्यंत गेले आणि तिथं घुटमळले. एक हात कमरेवर होता. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं.

"त्या पिशवीत," त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "नुसतं गरम पाणीच असतं ना?"

"नुसतं पाणी," काकू म्हणाल्या.

"म्हणजे तो उपचार म्हणता येणार नाही."

"छे!"

मास्तर थोडे सरकले. साहेबांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले.