शिळी लघवी खोटं बोलते

पहाटे बाभुळगावात एखाद्या कुत्र्यामागे, वेळूच्या काठीला पळी बांधून, पाय न वाजवता चालणारा खाकी चड्डीतला माणूस दिसला तर घाबरायचं कारण नसे. ते आमचे सुखदेवभाऊ. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर, मी कारकून. साठ सालच्या आसपासची गोष्ट.

कुत्र्याची लघवी अडली, लाल झाली की डॉक्टर नमुना मागत. तो आणायचं काम भाऊंचं, आणि त्यातलं त्यांचं सोवळं एवढं कडक, की भटजींनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. बाटली तीनदा उकळायची. पहिली धार सोडायची, मधली धरायची. पळी जमिनीला लागली की नमुना बाद. एकदा पाटलांनी सरबताच्या बाटलीतून नमुना आणला. भाऊ वास घेऊन म्हणाले, "पाटील, साखर कुत्र्याले नाही, बाटलीले झाली."

नमुना दोन तासांत डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा, नाहीतर ओल्या फडक्यात, गारव्याला. "शिळी लघवी खोटं बोलते, बाबू," हे मला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे.

त्या उन्हाळ्यात आमचीच राणी आजारी पडली. थेंब थेंब लाल, चार दिवस अन्नाला तोंड नाही. बाबा गेल्यापासून आईला घरात सोबत म्हणजे ही कुत्री. आई तिच्यापाशी बसून राही.

भाऊंनी सकाळी सहाला पळी साधली. पण डॉक्टर दौऱ्यावर, दुपारी येणार. आणि दवाखान्याचं छप्पर टिनाचं. गारवा आमच्याच घरी, पाण्याच्या रांजणामागे. भाऊ आत आले, ओल्या फडक्यात बाटली ठेवली, नावाची चिठ्ठी डकवली आणि गेले.

भाऊंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन चार वर्षं झाली होती, पण आईच्या लेखी ते जुन्याच वस्तीतले. त्यांची पाठ वळताच तिनं रांजणामागच्या अंधारात चाचपून गोमूत्राची बाटली काढली आणि घरभर शिंपडलं. उंबऱ्यावर, चुलीवर, देव्हाऱ्यात, माझ्या डोक्यावरही. मी तिला अडवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुपारी नमुना न्यायला गेलो तर चिठ्ठीची बाटली रिकामी, आणि शेजारी गोमूत्राची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. दोन्ही बाटल्या दवाखान्यातल्याच, एकसारख्या. एक मीच आईला आणून दिलेली. आईला वाचता येत नव्हतं. काय शिंपडलं ते मी तिला सांगितलं. मग तिनं आधी देवांना आंघोळ घातली, नंतर मला.

भाऊंना मी खरं तेच सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डॉक्टर आल्यावर म्हणाले, "साहेब, बाटली माह्या हातून फुटली." ज्यांच्या हातून कधी बूच पडलं नव्हतं, त्यांनी माझ्यादेखत खाली मान घालून बोलणी खाल्ली.

"भाऊ, खोटं काहून बोलले?" मी नंतर विचारलं.

"म्हातारीचं हसं झालं असतं गावात."

दुसऱ्या सकाळी ते बाटली घेऊन आले आणि अंगणातच थांबले. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा होता.

"काकू, दोरेवाली राणीची. मी गेल्यावर शिंपडान तं बिनदोऱ्याची घेजा. आजबी नमुना गेला तं कुत्री हातची जाईन."

आवाजात टोमणा अजिबात नव्हता. तेच आईला लागलं. "आत या, सुखदेवभाऊ," ती म्हणाली, "तुमच्याच हातानं ठेवा." त्यांना 'भाऊ' म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी तिनं काही शिंपडलं नाही.

नमुन्यात रोग सापडला, औषध लागू पडलं. आठवड्यानं भाऊ राणीला बघायला आले, तेव्हा आईनं त्यांच्यापुढे एक लखलखीत बाटली ठेवली. गोमूत्राची होती ती.

"तीनदा उकळली," आई म्हणाली. "तुमच्या नमुन्याले होईन."

भाऊंनी सवयीनं ती उजेडाला धरली, वास घेतला, आणि बूच लावून जपून खिशात ठेवली. आईनं तोवर आमच्या रोजच्या कपांत चहा ओतला होता.