लाल गिटारचे ओरखडे

“मुलगी गुणाची आहे गं, पण बोलतच नाही. आपला फ्रीजसुद्धा मधूनमधून आवाज करतो.”

हे सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. मी बाल्कनीत ओले टॉवेल झटकत होते आणि मधलं दार उघडं होतं. ऐकलं तशी मी झटकणंही थांबवलं, म्हणजे होता तो आवाजही गेला. (तेवढ्यात फ्रीज खरोखरच गुरगुरला. मला तो माझ्यावरचा टोमणा वाटला.)

मी अबोल आहे हे खरं. त्यात माझ्या कामाचाही हात असावा. मी कवळ्या आणि दातांच्या टोप्या करणाऱ्या लॅबमध्ये आहे. दिवसभर माझ्यासमोर तोंडंच तोंडं असतात, पण ती प्लास्टरची. त्यांच्याशी गप्पा माराव्यात असं कधी मनात आलं नाही. फट दिसली की भरायची, खरखरीत लागलं की घासायचं, रंग शेजारच्या दाताशी जुळवायचा. एवढंच मला येतं.

लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. बोलून दाखवणं जमत नसेल तर करून दाखवावं, असं मी उरलेले टॉवेल वाळत घालताना ठरवलं. तेवढं ठरवलं नसतं, तर सासऱ्यांचा वाढदिवस सुरळीत पार पडला असता.

न बोलणाऱ्या माणसाला लोक लॉकर समजतात. त्याच आठवड्यात नवऱ्यानं ऑफिसातून येताना एक लांबलचक काळी पिशवी आणली आणि आमच्या पलंगाखाली सरकवली.

“बाबांच्या वाढदिवसासाठी गिटार घेतलीय. कुणाला सांगू नकोस हं.” मग त्याचं त्यालाच हसू आलं. “तू काय सांगणार म्हणा.”

माझे सासरे तरुणपणी एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. लाल रंगाची. मग माझा नवरा जन्मला आणि त्या आवाजानं दचकून निळा पडेपर्यंत रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, घरात एक तर हा राहील नाहीतर ती. नवरा राहिला. गिटार बँडमधल्या ड्रमवाल्या काकांकडे गेली. सासरे त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. फक्त टीव्हीवर कुणी गिटार घेऊन आलं की ते आवाज वाढवतात, आणि सासूबाई उठून आत जातात. मी घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं होतं. (अबोल माणसाला दुसरं काम काय असतं?)

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पिशवीची चेन उघडली. गिटार लाल होती, पण काय अवस्था. कडेचा रंग उडून लाकूड दिसत होतं. स्क्रूंना गंज. पाठीवर, जिथे ती पोटाला टेकते तिथे, हातभर लांबीचे ओरखडे. मला नवऱ्याची दया आली. बिचारा भोळा माणूस, दुकानदारानं त्याच्या गळ्यात भंगार मारलं होतं.

मी बाह्या सरसावल्या. स्क्रू घासून लखलखीत केले. लाकडावर फर्निचर पॉलिशचा हात फिरवला. उघड्या पडलेल्या कडांना आणि पाठीवरच्या ओरखड्यांना लाल रंग हवा होता, तेव्हा मला लग्नात घेतलेली नेलपॉलिश आठवली. ती मी एकदाच लावली होती आणि फोटोत माझी नखं माझ्याआधी दिसत होती. पण गिटारला रंग असा जुळला, की आमच्या लॅबमधल्या सरांनीही मान डोलावली असती. संध्याकाळपर्यंत गिटार नवी कोरी झाली. मी चेन लावली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ती पाठ जेवताना मोडली. सासू-सासरे टीव्हीसमोर होते. नवरा पोळीचा घास हातात धरून हळू आवाजात म्हणाला, “गिटार नवीच आहे, माहितीये ना तुला?”

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मलाच ठरवता आलं नव्हतं.

“बाबांकडे होतं तेच मॉडेल. जुनं आता मिळत नाही, म्हणून कंपनी तसंच हुबेहूब पुन्हा काढते. त्यात साधी चकचकीत पण मिळते. पण मी वापरलेली दिसणारी घेतली. ती महाग.”

“म्हणजे?” मी विचारलं. (त्या दिवसातला माझा एकमेव शब्द.)

“म्हणजे ओरखडे कारखान्यातच पाडतात. कारागीर बसून, हातानं. माणूस वर्षानुवर्षं वाजवेल तेव्हा पट्ट्याचं बक्कल कुठे घासेल, कोपर कुठे लागेल, सगळा विचार करून. गंजसुद्धा मुद्दाम आणतात. त्याचेच तर पैसे आहेत.”

खरं तर हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. आम्हीही तेच करतो. म्हाताऱ्या माणसाला विशीतले पांढरेशुभ्र दात शोभत नाहीत, म्हणून नव्या दाताला जरासा पिवळेपणा देतो, कडेला एखादी चीर काढतो. सगळ्या लॅबमध्ये ती चीर काढायला माझाच हात लागतो. आणि मी कुणा अनोळखी कारागिराच्या कितीतरी तासांच्या कामावर नेलपॉलिश फासून बसले होते.

काही हरकत नाही, मी स्वतःला सांगितलं. ओरखडे काय, पुन्हा पाडता येतील.

पण मी कामाला लागायच्या आतच सासूबाई खोलीत आल्या. त्यांच्या हातात एक लांबलचक काळी पिशवी होती. अगदी तशीच. आमच्या भागात वाद्यांचं दुकान एकच आहे.

“हे तुझ्या खोलीत ठेवते. यांना आणि त्याला, दोघांनाही कळता कामा नये,” त्या दार लोटून म्हणाल्या. “यांची गिटार आहे. खरी, जुनी. ड्रमवाल्यांनी विकली नव्हती गं, इतकी वर्षं घोंगडीत गुंडाळून ठेवली होती. मी स्वतः जाऊन घेऊन आले. येताना ही पिशवी घेतली.”

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. (त्यांच्या टाचांच्या मागेच दुसरी पिशवी होती. मी घाईनं चादर खाली ओढली.)

“मीच काढायला लावली होती घरातून. यांनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर भांडून मोकळे तरी झालो असतो. न बोलणाऱ्या माणसांचं हेच असतं.” मग त्यांना मी समोर असल्याचं आठवलं. “तुझं नाही म्हणत मी.”

हीच वेळ होती सांगायची, की आई, तुमच्या मुलानंही तेच आणलंय. मी तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, “जांभया येतायत तुला, पड जरा,” आणि पिशवी कपाटावर सरकवून निघून गेल्या.

आता खोलीत दोन लाल गिटार, दोन काळ्या पिशव्या, दोन शपथा आणि एक मी. सकाळी सासूबाई झाडू घेऊन पलंगाखाली वाकायच्या, म्हणून नवऱ्याची पिशवी कपाटावर आणि सासूबाईंची दाराआड. संध्याकाळी नवरा कपाटावरची बॅग काढायचा, म्हणून कपाटावरची पलंगाखाली आणि दाराआडची पडद्यामागे. दोन-तीन दिवसांतच माझा पुरता गोंधळ उडाला. तरी मला वाटत होतं, माझ्या लक्षात आहे.

परवा दुपारी मी पलंगाखालची पिशवी उघडली. लाल गिटार, तुळतुळीत, पाठ स्वच्छ. मी भरलेले ओरखडे मला शोधून सापडेनात. आपला हात एवढा साफ आहे, हे पाहून जरा अभिमानच वाटला. मग नवऱ्याचा पट्टा घेतला आणि मनावर दगड ठेवून बक्कल फिरवलं. कडेचा रंग उडवायला भांड्यांची तारेची घासणी आणली. घासायचं, लांबून बघायचं, पुन्हा घासायचं. कोपर कुठे लागेल, पोट कुठे टेकेल, सगळा विचार करून. मी हे काम मन लावून केलं, हे सांगायला हवं.

झाल्यावर चेन लावली आणि सहज दुसरी पिशवी उघडून पाहिली. तिच्यातून नेलपॉलिशचा वास आला.

म्हणजे पट्टा आणि घासणी मी सासूबाईंच्या गिटारवर चालवली होती.

जे सावरता येईल ते सावरावं म्हणून मी नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर आणलं. निदान नवऱ्याच्या गिटारचे ओरखडे तरी परत मिळावेत. रिमूव्हरनं नेलपॉलिश निघाली, आणि तिच्याबरोबर कारखान्याचा रंगही निघाला. पाठीवर हाताएवढा चिकट लाल लगदा झाला. त्यावर उरलेली सगळी बाटली ओतून तो झाकण्याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही. दिसायला छान दिसत होतं. फक्त वाळत नव्हतं. काल वाळलं नाही, आज सकाळीही बोटाला लागत होतं.

आज वाढदिवस. सासऱ्यांनी पांढरा शर्ट घातला होता. केक कापून झाल्यावर नवरा आणि सासूबाई दोघंही एकदम म्हणाले, “थांबा, एक गंमत आहे,” आणि दोघंही आमच्या खोलीकडे निघाले. दारात एकमेकांकडे बघायला लागले. मी दोघांच्या हातात एकेक पिशवी दिली. कुणाची कुणाला, ते मी नीट बघून दिलं होतं. तेवढं एक माझं चुकलं नाही, आणि नेमकं तेच कुणाला पटलं नाही.

नवऱ्यानं चेन उघडली आणि त्याचा चेहरा पडला. “ही माझी नाही. माझी वापरलेल्यासारखी होती.”

सासूबाईंनी उघडली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. “अरे देवा. मी आणली तेव्हा हिला एक ओरखडा नव्हता.”

मग नवरा दोन्हींकडे बघून हसायला लागला. “आई, तूपण गिटार? पिशव्या बदलल्यात आपल्या. ही ओरखड्यांची माझी. तुझी ती, चकचकीत.” त्यानं सासूबाईंच्या हातातली गिटार उलटी केली आणि पाठीवरून बोट फिरवलं. “काम बघा, बाबा. ही पट्ट्याची झीज. कुणी म्हणेल का ही खोटी आहे म्हणून? हे मशीनला जमत नाही. जातिवंत कारागीर लागतो.”

या घरात माझ्या हाताचं झालेलं हे पहिलं कौतुक.

सासऱ्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी नवऱ्यानं आणलेली, नेलपॉलिशची गिटार उचलली होती. नावाच्या पट्टीपासून खुंट्यांपर्यंत सगळं जुन्या वळणाचं. कंपनीनं नक्कल करताना कसूर ठेवली नव्हती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

“हीच,” ते म्हणाले. “हात लावल्याबरोबर कळलं. मी हिला कधी ओरखडा पडू दिला नाही. रोज पुसायचो. वाससुद्धा तोच, जुन्या लाकडाचा.”

सासूबाई पदरानं डोळे टिपायला लागल्या. “तुम्ही ओळखलीत.”

“न ओळखून कसं चालेल? माझी आहे ती. तू परत आणलीस?”

“मीच घालवली होती ना.”

इतक्या वर्षांत त्या विषयावर त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं असावं. ते दोघं एकमेकांकडे असे बघत होते, की मी आणि नवरा उगाचच केककडे बघायला लागलो. मी मनात म्हटलं, राहू दे. खरी कोणती, खोटी कोणती, कुणाचं काय अडलंय. तोंड न उघडण्याचा मला केवढा सराव आहे. आज तो कामी येईल.

तेवढ्यात नवऱ्यानं ओरखड्यांची गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि स्कूटरची किल्ली उचलली.

“कुठे निघालास?” सासूबाईंनी विचारलं.

“दुकानात. तो म्हणाला होता, पसंत पडली नाही तर आठवड्याच्या आत आणून दे. खरी घरात आल्यावर नक्कल कशाला ठेवायची?”

“बरोबर आहे,” सासरे डोळे न उघडता म्हणाले. “ने ती. असले मुद्दाम पाडलेले ओरखडे मला बघवत नाहीत.”

सासूबाई जिच्यासाठी स्वतः ड्रमवाल्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, ती गिटार नवऱ्याच्या खांद्यावर दाराबाहेर निघाली होती. नवरा चपला घालत होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “दोन्ही हिच्याच खोलीत होत्या. पण हिला विचारून काय उपयोग, ही काही बोलायची नाही.”

सासऱ्यांनी गिटार पोटाशी घट्ट धरली.

आतून फ्रीज गुरगुरला.

“थांबा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही आजच कळलं. “दुकानात जातेय ती खरी आहे. आईंनी आणलेली. तिच्यावरचे ओरखडे मी पाडलेत, पट्ट्यानं आणि भांड्यांच्या घासणीनं. त्या घासणीनं आता भांडी घासू नका, नवी आणावी लागेल. आणि बाबा, तुम्ही धरलीय ना, ती जरा लांब धरा. वास लाकडाचा नाही, नेलपॉलिशचा आहे, आणि ती अजून ओली आहे.”