वाटेपुरता गालिचा

गुलाबराव लग्नाला गेले की नवरदेवाकडे बघत नाहीत, खाली बघतात. मंडपाच्या तोंडाशी चपला काढतात आणि अंथरलेल्या गालिच्यावर पाय न उचलता, घासत घासत थोडं अंतर जातात. मागे पाहुणे तुंबतात. मग ते थांबून निकाल देतात, "घसरते." क्वचित कधी, "धरते." आणि जेवायला जातात. या उन्हाळ्यात पुसदच्या निम्म्या लग्नांत लोकांनी त्यांना काका, काही हरवलं का, असं विचारलं असेल.

ते माझे शेजारी. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात नवी म्हणावी अशी वस्तू नाही. बैठकीतल्या खुर्च्या बंद पडलेल्या टॉकीजच्या, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. एक पाहुणा उठला की उरलेले हादरतात. पंख्यावर अजून 'वर्ग सातवा ब' लिहिलेलं आहे. "नवी वस्तू खोटं बोलते, बापू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वापरलेली खरं सांगते."

मला हे फार आवडायचं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस. बाजार माणसाचं गिऱ्हाईक करून टाकतो, हे बाराखडीबरोबरच शिकलो. गुलाबराव मला बाजाराविरुद्ध एकट्यानं लढणारे योद्धे वाटत. एकदा तसं सांगितलं, तर म्हणाले, "मी कायले लढू? मले स्वस्त पडते."

त्यांच्या घरात नवी वस्तू घुसली ती एकदाच. पुण्याच्या मुलानं हौसेनं बैठकीत चकचकीत टाइल्स बसवल्या. तोंड पाहायला घरात आरसा आहे, मग फरशी कशाला, असं गुलाबरावांनी विचारून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. दिवाळीच्या सुमाराला त्याच फरशीवर काकू घसरल्या. खुब्याचं मोडलेलं हाड सांधलं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण आतल्या खोलीच्या जुन्या, खडबडीत फरशीवर काकू नीट चालत आणि बैठकीच्या उंबरठ्यापाशी आल्या की त्या चकाकीकडे बघून मागे फिरत. दारातल्या खुर्चीवर बसून अख्ख्या गल्लीची चौकशी करणारी बाई खाटेवर बसून भिंत बघू लागली. गल्लीतली भांडणंसुद्धा कमी झाली.

लग्नातलं ते घासत चालणं काकूंचं होतं. गुलाबराव त्यांच्या पायांनी चालून बघत होते.

मुलानं पुण्याहून एक मऊ गालिचा पाठवला. त्यात पाय रुततो म्हणून तो परत गेला. टाइल्स उखडायच्या, तर पेन्शनीत बसत नव्हतं. शेवटी मंडप-गालिचे भाड्यानं देणाऱ्या रहीमभाईंच्या बिछायत केंद्राच्या गोदामात एक जुना लाल गालिचा सापडला. आमच्याकडच्या ज्या रस्त्याचं भूमिपूजन तीन वेळा झालं आणि काम एकदाही सुरू झालं नाही, त्या रस्त्यावर हा दर वेळी अंथरलेला. पुढाऱ्यांच्या बुटांनी त्याची लव झिजून सपाट झाली होती. त्या रस्त्यावर झालेलं एवढंच पक्कं काम.

रहीमभाई म्हणाले, "काका, ये मत लो. कार्यकर्त्यांनी फटाके फोडले, बीचमें से जल गया. पुऱ्या खोलीला पुरणार नाही."

गुलाबरावांनी चप्पल काढली, पाय घासला. "धरते," म्हणाले. "पुऱ्या खोलीले कोन मांगते?"

मला वाटलं, धड भाग खुर्च्यांपुढे टाकतील, चार लोकांना दिसेल असा. त्यांनी खडू घेतला. आतल्या उंबरठ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून देव्हाऱ्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रेघ ओढली. मी म्हटलं, काका, सरळ दारापर्यंत नेलं तर निम्म्यात भागेल.

"तुही काकू सरळ गेली हाय कधी?" ते म्हणाले. "आधी खिडकीतून पाह्यते कोन आलं. मंग देवाले हात जोडते. मंग दार."

जळकं टाळून त्यांनी पट्ट्या कापल्या, कापसाचं पोतं शिवावं तसे सुतळी-दाभणानं सांधे शिवले आणि दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं सगळं फरशीला घट्ट बसवलं. तयार झाली ती एक अरुंद, वाकडीतिकडी लाल पट्टी. व्हिडिओ कॉलवर मुलगा हसला. म्हणाला, बाबा, पाहुणे काय म्हणतील?

"पाहुण्यायचे पाय धड हायेत," गुलाबराव म्हणाले. "तुह्या मायची वाट हाय हे." आणि फोन ठेवला.

काकूंना त्यांनी हाक मारली नाही. टॉकीजच्या खुर्चीत बसले, मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, काहीही बोल, फक्त तिकडं पाहू नको. मी एसटीच्या खासगीकरणावर सुरुवात केली. आजवर माझ्या एकाही मताला न जुमानणारा हा माणूस त्या दिवशी दर वाक्याला मान डोलवत होता. उंबरठ्याशी बांगड्या वाजल्या. मी अडखळलो.

"बोल ना, थांबू नको," ते दबक्या आवाजात म्हणाले.

पाय घासल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. खूप वेळानं खिडकीपाशी काकूंचा आवाज ऐकू आला. समोरच्यायनं गाडी घेतली वाटते, असं त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही.

मग मात्र गुलाबरावांना बसवेना. ते उठले आणि हात मागे बांधून, जणू सहज तिकडूनच जायचं होतं अशा थाटात, काकूंच्या बाजूनं उघड्या टाइल्सवरून चालू लागले. हात दिला नाही, पण हाताच्या अंतरावर राहिले. देव्हारा आला. काकूंनी हात जोडले, आणि खाली गुलाबरावांच्या पायांकडे पाहिलं.

"तुमी पडसान तिथं. या इकडे."

"मावतो काय मी?"

पट्टी एका माणसाच्या रुंदीची होती. तरी काकू थोड्या सरकल्या.