हात धुतल्याची सही

धाकू भोईरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या जखमेत पू झाला, आणि तोही त्यांच्या सुनेच्याच वॉर्डात. कळव्याच्या त्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात जंतुसंसर्ग रोखण्याची जबाबदारी संचिता सिस्टरकडे होती. "ठाण्याला कशाला जाता, बाबा? आमच्याकडची स्वच्छता बघा," असं म्हणून सासऱ्यांना तिनेच इथे आणलेलं. आता डॉक्टर विनीत म्हणत होते, शनिवारपर्यंत उतार पडला नाही तर जखम पुन्हा उघडावी लागेल. बाबांचं वय बहात्तर, त्यात साखर. पाय गेला तर?

शेजारच्या दोन खाटांवरही तेच झालेलं. मग मात्र ती पेटली.

"नंदामावशी, हात धुता ना?" तिने वॉर्डातल्या आयाला विचारलं.

"हे काय विचारणं झालं? सही बघा की माझी!"

सही होतीच. सगळ्यांच्याच होत्या. महिन्यापूर्वी संचितानेच बेसिनवर वही टांगली होती. हात धुवायचे, वेळ टाकायची, सही ठोकायची, मगच पेशंटला हात लावायचा. पेनं पळवतात म्हणून तिने पेनही बँडेजच्या पट्टीने खिळ्याला बांधून टाकलेलं. मीटिंगमध्ये डॉक्टरांनी वही उंच धरून दाखवली होती. "शंभर टक्के! शिका जरा सिस्टरकडून!" त्या दिवशी बाई हवेत होत्या, खोटं कशाला बोला.

तिने तपासणीसाठी नमुने घ्यायला सुरुवात केली. नळ, ट्रॉली, दाराची कडी, पडदे, काही म्हणून सोडलं नाही. वॉर्डात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

"आता माझ्या डब्यातल्या सुकटीचापण घ्या नमुना," नंदामावशी फणकारल्या.

शेवटी नमुन्याची एक काडी उरली. वाया कशाला घालवायची, म्हणून संचिताने ती समोर लोंबणाऱ्या पेनावरून फिरवली.

रिपोर्ट आला. नळ स्वच्छ, ट्रॉली स्वच्छ, पडदेसुद्धा स्वच्छ. बाबांच्या जखमेतला जंतू सापडला तो फक्त पेनावर. संचिता तडक नंदामावशींकडे गेली.

"मावशी, खरं सांगा. सही कधी करता?"

"आधी. ओल्या हाताने वही भिजते, मग तुम्हीच ओरडता ना!"

म्हणजे अर्धा वॉर्ड घाणेरड्या हाताने सही करून हात धूत होता, आणि उरलेला अर्धा हात धुऊन तेच पेन धरत होता. या दुसऱ्या अर्ध्यात संचिता पहिली. कुणीही कामचुकारपणा केलेला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर विनीतनी रिपोर्ट वाचला, कपाळ चोळलं आणि तोडगा काढला. "असं करू, पेन पुसायचं. आणि पुसल्याची एक वेगळी वही घाला."

संचिताने कात्रीने पट्टी कापून पेन जंतुकचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं, वही उतरवली आणि सासऱ्यांच्या खाटेशी गेली. शनिवार उजाडला होता. जखम उघडायचं ठरलं होतं.

"बाबा, हे माझ्यामुळे झालं. माझ्या त्या पेनामुळे."

"मना म्हाईत हाय."

"काय?"

"आठ दिस खाटंवर पडून दुसरा काय बगनार? तू हात धुवाचीस, पेन धराचीस, न मंग माझे पट्टीला हात लावाचीस."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"चार मानसांत सुनेची चूक कशी काढाची गो? तू शिकलेली. मी मिठागरावरचा मानूस."

संचिताला रडू आवरेना. तिने दोन्ही हातांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि सवयीने त्यांच्या पट्टीकडे हात नेला. म्हातारा खाटेवरून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला,

"ए सिस्टर! आदी हात धुवून ये!"