चौकातल्या संत्र्याला सातवं कलम

लोकशाहीत निवडून आलेल्या प्रत्येकाला आपली खूण मागे ठेवण्याचा अधिकार आहे, आणि खूण ठेवायला आधी करवत लागते. ग्रीसमधल्या आर्गोलिदातल्या मेलिसोरेमा गावानं हे तत्त्व चौकातल्या एकाच संत्र्यावर राबवलं, ही काटकसर कौतुकास्पदच. खुंट कडू संत्र्याचा. प्रत्येक नवा ग्रामाध्यक्ष त्याची एक जाड फांदी उडवतो (शक्यतो आधीच्या अध्यक्षाची) आणि तिथं आपल्या आवडीच्या जातीचं कलम बांधतो. सहा अध्यक्ष, सहा कलमं. जखमांना लेप कुणीच लावला नाही; ते काम प्रत्येकानं पुढच्यावर सोपवलं. त्या जखमांतून बुरशी आत शिरली आणि लाकूड दुधात भिजलेल्या पावासारखं मऊ झालं. खोडावर बशीएवढाल्या अळंब्या फुटल्या, तेव्हा गावच्या समितीनं नोंद केली: "खोडाचा घेर समाधानकारकरीत्या वाढला आहे."

हे झाड थ्रासोसच्या कॉफीच्या दुकानावर कललं होतं. नेमकं स्वयंपाकघरावर, जिथं त्याची बायको दियामांतो दिवसभर मासे तळते. त्यानं झाड तोडायची परवानगी मागितली. समितीनं खोडावर टकटक केलं, आतून ढोलासारखा आवाज आला, आणि निष्कर्ष निघाला: झाड पोकळ आहे, म्हणजे हलकं आहे, म्हणजे पडलं तरी फारसं लागणार नाही.

"आणि तोडलं तर पुढचा अध्यक्ष कलम कशावर बांधणार?" सहावा अध्यक्ष कोस्मास म्हणाला. "लोकशाही नको झाली का रे तुला?"

मग थ्रासोस स्वतःच उभा राहिला. वचन एकच: झाड तोडणार. भरघोस मतांनी निवडून आला.

तोडायच्या दिवशी चौकात पाद्री आला, बँड आला, आणि हरलेला कोस्मासही आला.

"तोड बाबा," कोस्मास म्हणाला. "फक्त माझं कलम यंदा लगडलंय, तेवढं लोकांना शेवटचं बघू दे. तुझं काय, तुझी आठवण म्हणून खड्डा राहील."

थ्रासोसनं वर पाहिलं. संत्री खरंच लगडली होती.

"अहो अध्यक्षसाहेब, बुडात कापा, बुडात!" दियामांतो खिडकीतून ओरडली. "वर काय बघताय?"

करवत वर गेली. कोस्मासची फांदी खाली आली. (दुकानाच्या उलट बाजूनं झाडाला तोलून धरणारी ती एकच होती.) थ्रासोसनं सातवं कलम बांधलं. टाळ्या पडल्या. खोड कण्हलं आणि छपरावर टेकलं. दोन कौलं फुटली.

दियामांतोनं कढई, तवा आणि शेगडी उचलली नि बहिणीच्या घराची वाट धरली. "कलम जगलं तर कळवा," ती म्हणाली. "तुम्ही जगलात तर तेही कळवा."

छप्पर किती दिवस टिकेल, हे कुणालाच माहीत नाही. पण तुम्हाला आता त्यापेक्षा एक गोष्ट जाणून घ्यायची आहे: त्यानं कलम बांधलं कुठल्या जातीचं? अगदी बरोबर. टाळ्या थांबल्यावर गावानंही पहिलं तेच विचारलं.