एकतर्फी काच

"अहो, शॉवरला दार बसवायचंय. कोणतं, ते या वेळी तुम्हीच ठरवा," असं बायको म्हणाली आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. एकोणीस वर्षांच्या संसारात माझं मत एकदाच विचारलं गेलं होतं, लग्न ठरवताना. (तेही मी 'हो' म्हणणार याची सगळ्यांना खात्री झाल्यावर.)

"मी? खरंच मी?"

"हो, तुम्हीच. शॉवरचं पाणी पार बेसिनखाली येतं. परवा आई राहायला येतेय, घसरली म्हणजे? हे एक काम धड केलंत ना, तर स्वयंपाकघर नवीन करताना तुमचंही मत घेऊ."

स्वयंपाकघर! ज्या खोलीत मला साखरेचा डबा सापडत नाही, त्या खोलीत माझं मत! मी हवेतच तरंगायला लागलो. ऑफिसात मी जावक विभागात आहे. त्या दिवशी जावक गेलं खड्ड्यात, मी दारांचा तक्ता केला. सरकतं, उघडतं, घडीचं. फायदे, तोटे, शेरा. हेडक्लार्कांनी त्यावर झोकात सही केली. (ते समोर येईल त्या कागदावर सही करतात, पण मला धीर आला.)

तक्ता घेऊन मी तडक काचवाल्याचं दुकान गाठलं.

"दार सरकतं हवं की उघडतं?" त्याने विचारलं.

"उघडतं तर पाहिजेच हो, नाहीतर आत जायचं कसं?"

त्याने मला एकदा नीट बघून घेतलं. "बरं. दुधी देऊ?"

"दुधी मला मुळीच आवडत नाही."

"खायला नाही, साहेब. दुधी काच. आरपार दिसत नाही."

तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या एका चकचकीत काचेवर गेली.

"ती एकतर्फी," तो म्हणाला. "आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला नुसता आरसा. मोठ्या साहेबांच्या केबिनला लावतात."

आमच्या साहेबांच्या केबिनला हीच काच आहे! गेली बारा वर्षं मी रोज तिच्यासमोर भांग पाडतो. दातसुद्धा कोरतो. म्हणजे बारा वर्षं साहेब आतून... जाऊ दे. पण मग एकदम वाटलं, अरे, जन्मभर काचेच्या बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला आत जायची ही एवढीच संधी आहे!

"हीच द्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बाथरूमला ही कुणी लावत नाही, साहेब."

"म्हणूनच लावा!"

दोन दिवसांत दार बसलं. उघडझाप करून बघितली, लोण्यासारखं फिरत होतं. फक्त आत जरा काळोखी वाटली. लगेच वायरमनला बोलावून बाथरूमचा दिवा काढला आणि शॉवरच्या वर छताला बसवला. (एकदा डोकं चालायला लागलं की माझं असं चालतं.)

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली, सासूबाईही येऊन पोहोचल्या होत्या. मी दोघींना आणि मुलीला बाथरूममध्ये रांगेत उभं केलं.

"आता नीट बघा! म्हणजे, बघा की काहीच दिसत नाही!" असं म्हणून मी दिवा लावला, कपड्यांसकट आत गेलो आणि दार ओढलं.

समोर मीच! नखशिखांत मी! बाहेरचं काही म्हणजे काही दिसेना. म्हटलं वा, दोन्ही बाजूंनी आरसा दिसतोय. एका काचेत दोन काचांचा फायदा! आणि ज्या अर्थी मला त्या दिसत नाहीत, त्या अर्थी त्यांना मी कसा दिसणार?

एकांत मिळाला की माणूस मोकळा होतो. आधी मी पोट आत घेऊन बघितलं. मग सोडून बघितलं. मग कमरेवर हात ठेवून, मान वेळावून बायकोची नक्कल केली, "एक काम धड करतील तर शपथ!" ती इतकी हुबेहूब जमली की मला चेवच आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, ओठांचा चंबू केला आणि सासूबाई मला बघतात तसं स्वतःला खालपासून वरपर्यंत बघितलं. बाहेर कसं चिडीचूप होतं. म्हटलं, दार बघून थक्क झाल्या!

मी रुबाबात बाहेर आलो. "काय? दिसलं काही?"

सासूबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, ओठांचा चंबू केला आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सगळं दिसलं, जावईबापू."

"बाबा, आजीचं परत करा ना!" मुलगी हसून हसून बेसिनला टेकली होती.

मी घाईघाईने काचवाल्याला फोन लावला. "अहो, तुम्ही काच उलटी बसवलीत!"

"काच सुलटीच आहे, साहेब. उजेड ज्या बाजूला, त्या बाजूला तिचा आरसा होतो. अंधारात उभ्या असलेल्याला सगळं दिसतं. बाथरूमचा दिवा आत कुणी नेला?"

मी फोन ठेवून मागे वळलो. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. (नक्कल खरोखरच हुबेहूब होती.)

"मग... स्वयंपाकघराबद्दल माझं मत...?" मी हळूच विचारलं.

"घेणार ना! एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी उजेड पाडलात, तो वाया कसा घालवायचा? फक्त मत द्यायचं ते त्या काचेच्या आत उभं राहून. आईला तेवढाच विरंगुळा."

मी सासूबाईंकडे आशेने पाहिलं. त्यांनी तोवर बादलीजवळचं स्टूल ओढून दारासमोर मांडलं होतं. त्यावर ऐसपैस बसत त्या म्हणाल्या, "हं, जावईबापू, लावा दिवे!"